आधी ओझं, मग बॅग

एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

“ताई, मी समारंभांचे फोटो काढते आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे पक्ष्यांमागे जाते. कॅमेऱ्याच्या दोन बॉडी, २४-७० आणि ७०-२०० मिलिमीटरच्या झूम लेन्स, दोन्ही २.८ ॲपर्चरच्या, म्हणजे भरपूर प्रकाश आत घेणाऱ्या, एक ३५ ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, दोन फ्लॅश, बॅटऱ्या, चार्जर आणि खाली बांधलेला ट्रायपॉड, असं सगळं एका खांद्याच्या बॅगेत नेते. काही महिने झाले, उजवा खांदा दुखतो आणि रात्री करंगळीला मुंग्या येतात. आजवर तीन बॅगा घेतल्या, तिन्ही कपाटात पडून आहेत. घरचे म्हणतात ट्रॉली घे, बरोबरचे छायाचित्रकार म्हणतात हार्नेस, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून कॅमेरे टांगायचे पट्टे, घे, दुकानदार म्हणतो सॅक घ्या. सामान कमी करायचा धीर होत नाही, आणि छोटी पिशवी बघून समोरचा मला हौशी समजेल असंही वाटतं. नेमकी कोणती बॅग घेऊ?”

प्रिय मैत्रीण,

बॅगेचं नंतर बघू, आधी करंगळीच्या मुंग्या. हाताकडे जाणाऱ्या नसा मानेतून निघतात आणि हासळीच्या हाडाखालून दंडात उतरतात. बॅगेचा पट्टा रुततो तो भाग हाच. पट्ट्याच्या दाबाने मुंग्या येऊ शकतात, पण मानेत किंवा कोपरापाशी नस दबली तरीही करंगळीलाच येतात. तुमच्या बाबतीत यातलं कोणतं, हे मी पत्रावरून ठरवणं बरोबर नाही. अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा आणि जाताना भरलेली बॅग बरोबर न्या, ती खांद्याला अडकवून त्यांच्यासमोर चालून दाखवा. तोवर उजव्या खांद्यावर काही टांगू नका. पट्टा डाव्या खांद्यावर घेऊन भागेल असंही समजू नका. एका बाजूला वजन लटकलं की दुसऱ्या बाजूचे स्नायू शरीर सरळ ठेवायला सतत ताणलेले राहतात, आणि पट्टा घसरू नये म्हणून आपण नकळत खांदा उचलून धरतो. चार-पाच तास खांदा उचलून चालल्यावर तो दुखणारच, मग तो कोणताही असो.

तुमच्या यादीची मी बेरीज केली. मॉडेलं तुम्ही लिहिली नाहीत, म्हणून नेहमीची वजनं धरली. बॉडी प्रत्येकी ८०० ग्रॅमच्या आसपास, २४-७० साधारण तेवढीच, ७०-२०० दीड किलो, प्राइम ४०० ग्रॅम, दोन फ्लॅश सेलसकट १ किलो, बॅटऱ्या-चार्जर अर्धा किलो. हे झालं ५ किलो ८०० ग्रॅम. जाड फोमची बॅग रिकामीच दीड-दोन किलोची असते आणि ट्रायपॉडही तेवढाच. सगळं मिळून साडेनऊ किलोच्या घरात जातं. घरच्या वजनकाट्यावर आधी नुसत्या उभ्या राहा, मग बॅग घेऊन, आणि फरक लिहून ठेवा. हा आकडा माहीत नसताना बॅग घेणं म्हणजे पायाचं माप न देता चप्पल मागवणं.

या साडेनऊ किलोंत बॅग आणि ट्रायपॉड यांचाच वाटा एक तृतीयांशाहून जास्त आहे. समारंभात तुम्ही ट्रायपॉड किती वेळा उघडता? दहापैकी दोनदा उघडत असाल, तर बाकीच्या आठ वेळा तो गाडीत किंवा घरी राहू द्या.

आता त्या तीन बॅगा कपाटात का गेल्या, याचा माझा अंदाज सांगते. सामान कामाच्या जागी पोहोचवणं हे एक काम आहे आणि फोटो काढताना ते अंगावर वागवणं हे दुसरं. पोहोचवताना सगळं बंद, सुरक्षित आणि मोठ्या स्नायूंवर तोललेलं हवं. काम करताना मात्र थोडंच हवं, पण हात जाईल तिथे हवं. दोन्ही एकाच बॅगेकडून करून घ्यायला गेलं की ती दोन्हीकडे अपुरी पडते आणि आपण पुढची बॅग शोधायला लागतो. तुम्हाला सल्ला देणारे तिघेही खरं तेच सांगताहेत. ट्रॉली आणि सॅक हे पोहोचवण्याचे उपाय आहेत, हार्नेस हा वागवण्याचा.

समारंभासाठी घरच्यांचं ऐका. ट्रॉलीमुळे अंगावर काहीच येत नाही, आणि सपाट फरशीवर याहून चांगली सोय नाही. पण जिने असतील, खडी असेल, तर ती उचलावी लागते आणि उचलताना पाठीला झटका बसतो. तेव्हा गुडघे वाकवून, अंगाशी धरून उचला, आणि शक्य असेल तर आतलं सामान दोन खेपांत न्या. खडबडीत रस्त्यावर चाकांचे हादरे थेट आत जातात आणि लेन्सचे बारीक स्क्रू ढिले होतात. म्हणून तळाशी फोमचा थर हवा आणि प्रत्येक लेन्स आपल्या कप्प्यात घट्ट बसलेली हवी. पक्ष्यांच्या पायवाटेवर ट्रॉलीचा काही उपयोग नाही.

तिथे सॅक. सॅकबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण चांगली सॅक घेऊनही पाठ दुखते म्हणणारे मला फार भेटतात, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची सॅक खांद्यावरच लटकत असते. सॅकचं वजन कंबरेवर यायला हवं. कंबरेच्या हाडांचा वरचा काठ हाताला लागतो, त्यावर कंबरपट्टा टेकला की भार थेट मांड्यांच्या मोठ्या स्नायूंवर जातो आणि खांद्यांकडे फक्त सॅक अंगाशी धरून ठेवायचं काम उरतं. त्यासाठी कंबरपट्टा रुंद, गादीचा हवा आणि सॅकच्या पाठीत ताठ पट्टी किंवा सांगाडा हवा. कॅमेऱ्याच्या पुष्कळ सॅकना बोटभर रुंदीची नुसती पट्टी असते. ती सॅक हलू देत नाही, वजन मात्र अजिबात घेत नाही. दुकानात सगळ्यात आधी हे बघा. कप्पे किती आणि रंग कोणता हे त्यानंतर.

दुसरं माप पाठीच्या लांबीचं. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं. तिथपासून दोन्ही हात कंबरेवर ठेवल्यावर अंगठे जिथे मागे येतात त्या रेषेपर्यंत टेपने मोजा. सॅकचं माप उंचीवरून ठरत नाही, या लांबीवरून ठरतं. सारख्या उंचीच्या दोघींच्या पाठी सारख्या लांबीच्या असतीलच असं नाही. पाठ आखूड आणि सॅक लांब असेल, तर कंबरपट्टा घसरून मांड्यांवर येतो आणि वजन परत खांद्यांवर. काही सॅक आखूड पाठीच्या मापात मिळतात, काहींची पाठ वरखाली करता येते. तुम्ही बारीक चणीच्या असाल तर तीच घ्या.

आणि घालायचा क्रम. जवळजवळ सगळे तो उलटा करतात. सगळे पट्टे ढिले करून सॅक पाठीवर घ्या. आधी कंबरपट्टा हाडांच्या काठावर बसवून आवळा. मग खांद्याचे पट्टे, सॅक पाठीला टेकेल इतकेच ओढा. मग खांद्यावरून सॅकच्या वरच्या टोकाकडे जाणारे दोन बारीक पट्टे असतील तर ते. शेवटी छातीचा पट्टा, हासळीच्या दोन-तीन बोटं खाली आणि श्वास मोकळा राहील इतपत. आता खांद्याच्या पट्ट्याखाली सपाट हात सरकवून बघा. सहज गेला पाहिजे. हे दुकानात रिकाम्या सॅकवर कळत नाही, म्हणून स्वतःचं सामान भरून न्या आणि घालून दहा-पंधरा मिनिटं चाला. दुकानदाराने कुरकुर केली तर दुसरीकडे बघा.

आत भरताना जड लेन्स पाठीच्या जवळ आणि मधल्या किंवा जरा वरच्या उंचीवर ठेवा. बाहेरच्या बाजूला गेलेलं वजन मागे ओढतं आणि आपण पुढे झुकतो. ट्रायपॉड बाजूला बांधला की एक बाजू जड होते. तो मागे मध्यभागी बांधा, नाहीतर दुसऱ्या बाजूला पाण्याची भरलेली बाटली ठेवा. पाठीच्या बाजूने उघडणारी सॅक मला आवडते. ती खाली ठेवली की चिखल लागतो तो बाहेरच्या अंगाला, पाठीला टेकणारी बाजू कोरडी राहते, आणि गर्दीत मागून कुणी चेन उघडू शकत नाही.

सॅकची अडचण एकच आहे, दर वेळी काढल्याशिवाय लेन्स बदलता येत नाही. म्हणून काम सुरू झालं की सॅक बाजूला आणि अंगावर दुसरी सोय.

समारंभात तुमच्याकडे दोन बॉडी आहेत, तेव्हा दोन कॅमेऱ्यांचा हार्नेस तुम्हाला शोभेल. एकीवर २४-७०, दुसरीवर ७०-२००, आणि लेन्स बदलायची वेळच येत नाही. धुळीपासूनही कॅमेऱ्यातला फोटो टिपणारा सेन्सर वाचतो. वजन दोन्ही खांद्यांवर सारखं पडतं. कंबरेवर मात्र ते येत नाही, हे विसरू नका. जवळजवळ चार किलो सबंध दिवस खांद्यांवर ठेवण्यासारखं नाही, विशेषतः तुमच्या आत्ताच्या खांद्यावर. जेवणाच्या वेळी, कार्यक्रमाच्या मधल्या मोकळ्या वेळात तो काढून ठेवा. पाच मिनिटांसाठी असला तरी काढा. छातीवरची जोडपट्टी वरखाली करता येते असा हार्नेस बघा. बायकांच्या अंगाला ती पट्टी चुकीच्या जागी आली की दिवसभर त्रास होतो, आणि बरेच हार्नेस हा विचार न करता शिवलेले असतात.

७०-२०० लावलेला कॅमेरा टांगताना कधीही बॉडीच्या तळाला अडकवू नका. त्या लेन्सला स्वतःचा ट्रायपॉडचा पाय असतो, त्याला अडकवा. तोल साधतो आणि लेन्सचं वजन माउंटला, म्हणजे बॉडी आणि लेन्सच्या जोडाला, ओढत राहत नाही.

हार्नेस असो वा एकेरी तिरका पट्टा, बहुतेकांचा जोड ट्रायपॉडच्या पाव इंची छिद्रात बसणाऱ्या स्क्रूवर असतो. कॅमेरा चालताना झुलतो, झुलताना थोडा फिरतो, आणि तो स्क्रू हळूहळू सैल होतो. माझा एकदा असाच सुटला. मी पायऱ्या उतरत होते, खांदा अचानक हलका झाला आणि मागून आवाज आला. लेन्सचा पुढचा भाग वाकला, माउंट हलला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मागच्या पायरीवर एक लहान मूल होतं. त्याला लागलं नाही. तेव्हापासून दोन गोष्टी मी चुकवत नाही. जोडापासून कॅमेऱ्याच्या कडीपर्यंत एक सुटी सुरक्षा-दोरी कायम लावलेली असते, आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने अंगठ्याने स्क्रू चाचपून बघते. आता ते हात आपोआप करतो. पायऱ्या, दार, गर्दी आली की लोंबता कॅमेरा हाताने अंगाशी धरायचा. खाली वाकतानाही तसंच, नाहीतर तो पुढे झोका घेऊन आधी समोरच्याला लागतो.

फ्लॅशचे सेल, कार्डं, प्राइम यांच्यासाठी कंबरेला एक-दोन पाऊच पुरतात. पाऊच बरोबर पोटावर नको, वाकता येत नाही. कंबरेच्या बाजूला, जरासा पुढे.

कॅमेऱ्याबरोबर येणारा गळ्यातला पट्टा तुम्ही वापरता की नाही हे लिहिलं नाहीत. वापरत असाल तर गळ्यात सरळ न घालता तिरका घाला. ताणणारे मऊ पट्टे हातात घेतल्यावर हलके वाटतात, पण वजन जितकं आहे तितकंच राहतं आणि चालताना कॅमेरा वरखाली उसळतो. मला ते पटत नाहीत. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला लागणारी क्लिप चांगली, कॅमेरा समोर पक्का राहतो आणि झुलत नाही. पण ती बॉडी आणि छोट्या लेन्ससाठी. ७०-२०० तिथे लावली तर सॅक एका बाजूला ओढली जाते.

पक्ष्यांसाठी एक बॉडी, एक लांब लेन्स, एवढंच. लेन्सच्या पायाला तिरका पट्टा अडकवा, पाण्याची बाटली आणि जास्तीची बॅटरी छोट्या सॅकमध्ये. ट्रायपॉडऐवजी एकाच पायाचा मोनोपॉड नेऊन बघा. वजन निम्म्याहून कमी होतं आणि तुमच्या लेन्सला तो पुरतो. कॅमेरा लावलेला ट्रायपॉड खांद्यावर टाकून चालणारे दिसतात. लांब टेली लेन्ससाठी मीही कधी कधी तसं नेते, पण निघण्याआधी कॅमेऱ्याखालची प्लेट आणि ट्रायपॉडच्या डोक्याची पकड हाताने ओढून बघितल्याशिवाय नाही, खांद्याखाली फोम घेतल्याशिवाय नाही, आणि वाटेत माणसं असतील तर अजिबात नाही.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य, धीर होत नाही हे. जे घरी ठेवू त्याचीच गरज लागेल ही भीती मला ठाऊक आहे. तिच्यावर अंदाजाने बोलण्यापेक्षा तुमचेच फोटो बघा. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये कोणत्या लेन्सने तो काढला याची नोंद असते, आणि लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये लेन्सप्रमाणे फोटो वेगळे करता येतात. मागच्या दहा समारंभांचे, तुम्ही प्रत्यक्ष दिलेले फोटो घ्या. काढलेले सगळे नकोत, दिलेले. प्रत्येक लेन्सचे किती निघाले ते मोजा. ३५ ची प्राइम मूठभर फोटोंत दिसली तर ती राहू द्या घरी. उलट तिचेच फोटो सगळ्यात जास्त निघाले, तर २४-७० घरी ठेवायचा विचार करा. दुसरा फ्लॅश मात्र मी काढायला सांगणार नाही. पैसे घेऊन केलेल्या कामात एक फ्लॅश बंद पडला तर ती वेळ परत येत नाही. तीच गोष्ट दुसऱ्या बॉडीची.

७०-२०० चीच ४ ॲपर्चरची, म्हणजे निम्मा प्रकाश आत घेणारी आवृत्ती साधारण ८०० ग्रॅमची असते, म्हणजे जवळजवळ निम्म्या वजनाची. पण बंद सभागृहात तो एक स्टॉप, म्हणजे तो दुप्पट प्रकाश, तुम्हाला लागेल, नाहीतर आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, दुप्पट करावा लागेल. मिररलेससाठी निघालेल्या काही नव्या २.८ लेन्स १ किलोच्या जवळपास आल्या आहेत. पुढे कधी लेन्स बदलाल तेव्हा हे लक्षात ठेवा, आत्ता त्यासाठी खर्च करू नका.

आणि हौशी समजतील याबद्दल. ऑस्कर बार्नाक हे जर्मनीतल्या लाइट्स कंपनीत काम करत. त्यांना दम्याचा त्रास होता आणि त्या काळचा काचपट्ट्यांचा जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणं त्यांना झेपत नसे. म्हणून सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा खिशात मावेल असा कॅमेरा त्यांनी बनवला. पहिला नमुना पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचा, आणि १९२५ मध्ये तो लायका नावाने बाजारात आला. वृत्तछायाचित्रणाची पुढची कित्येक दशकं त्या छोट्या कॅमेऱ्यावर उभी राहिली. ओझं झेपत नाही असं एका माणसाने मोकळेपणाने मान्य केलं, त्यातून हे घडलं. तुमच्या बॅगेचा आकार समोरच्याला पहिली पाच मिनिटं दिसेल, नंतर तुम्ही कुठे उभ्या आहात आणि योग्य क्षणी तिथे पोहोचलात का, एवढंच दिसेल. खांदा दुखत असला की तुम्ही दोन पावलं उशिरा पोहोचता.

काही बारीक गोष्टी. बॅगेची चेन उघडली की हात बाहेर येताच बंद करायची, अर्धवट सुद्धा ठेवायची नाही. उघडी बॅग उचलली आणि लेन्स जमिनीवर, हे मी अनुभवी लोकांच्या हातून होताना बघितलं आहे. वापरलेली बॅटरी पाऊचमध्ये उलटी ठेवा, म्हणजे अंधारात बोटांनीही ओळखता येते. बसलात की बॅगेचा पट्टा खुर्चीच्या पायात अडकवा. पावसाचं आवरण सॅकमध्येच राहू द्या. ओल्या सॅकमध्ये कॅमेरा रात्रभर ठेवू नका. फोम ओल धरून ठेवतो आणि लेन्सला बुरशी लागते, म्हणून घरी आल्यावर सगळं बाहेर काढा आणि सॅक उघडी वाळू द्या.

विमानाने गेलात तर जास्तीच्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्यायच्या, खाली जाणाऱ्या सामानात त्या चालत नाहीत. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० च्या दरम्यान विमान कंपनीची लागते आणि अशा जास्तीत जास्त दोनच नेता येतात. कॅमेऱ्याची नेहमीची बॅटरी १५ वॉट-तासांच्या आसपास असते, तिची चिंता नको. व्हिडिओच्या मोठ्या बॅटरीवर आकडा छापलेला नसेल तर व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करा. प्रत्येकीच्या टोकांवर टोपण किंवा चिकटपट्टी हवी.

कपाटातल्या तीन बॅगांपैकी एखादी मऊ, हलकी असेल तर टाकून देऊ नका. फोमचे कप्पे काढून ते घरातल्या एखाद्या ट्रॉलीत बसतात का बघा. बसले तर समारंभासाठी तुम्हाला फक्त हार्नेस घ्यावा लागेल, आणि तोही डॉक्टरांनी खांद्यावर भार घ्यायला हरकत नाही म्हटल्यावरच. विकत घेण्याआधी कुणाचा तरी एका कार्यक्रमापुरता मागून घ्या. सॅक आणखी थोडी थांबू शकते.

डॉक्टर काय म्हणाले ते, वजनकाट्यावरचा आकडा आणि पाठीची लांबी, एवढं मला लिहून पाठवा. सॅकचं माप आपण त्यावरून ठरवू.